छोट्या समाजमाध्यमावर आपले कोण?

छोट्या समाजमाध्यमावर लोक किती आहेत, यापेक्षा त्यांत आपले कोण आहे हा प्रश्न मोठा असतो. व्हॉट्सॲपबाबत तो कुणाच्या मनातही येत नाही. मेहुणा, शेजारी, मुलांच्या शाळेतल्या बाई, दूधवाला असे सगळे तिथे असणार हे धरूनच चाललेले असते. सिग्नल, अरट्टाई, मॅस्टोडॉन, स्ट्राव्हा किंवा मायबोली यांपैकी एखादे नाव निघाले की मात्र ऐकणारा लगेच विचारतो, ‘तिथे आपल्या ओळखीचे कोण आहे?’ बहुतेकदा उत्तर ‘कुणी नाही’ असे असते आणि विषय तिथेच मिटतो. कधी एखादेच नाव निघते. त्या एका नावाने त्या माध्यमाकडे बघण्याची सगळी दृष्टी बदलते.

हे कसे घडते ते पाहायला औद्योगिक वसाहत ही चांगली जागा आहे. सोलापूर-पुणे महामार्गावर, मोहोळ तालुक्याच्या हद्दीत चिंचोळी एमआयडीसी आहे. बालाजी अमाइन्सचा तिसरा कारखाना इथे रसायने बनवतो आणि प्रिसिजन कॅमशाफ्ट्सच्या इथल्या कारखान्यात मोटारींच्या इंजिनात बसणारे कॅमशाफ्ट तयार होतात. अशा वसाहतीत माणसे एकमेकांना अनेक बाजूंनी ओळखतात. सकाळी एका बसने आलेले दोघे एकाच खात्यात काम करतात, जेवणाच्या सुट्टीत एकत्र डबा उघडतात आणि एकाच पतसंस्थेत त्यांचे कर्ज असते. ऑपरेटर, सुपरवायझर, ठेकेदार आणि गेटवरचा वॉचमन यांचे नंबर एकमेकांच्या फोनमध्ये असतात. असा दाट परिचय असलेल्या ठिकाणी नवे ॲप आले, तर एक तर ते सगळ्यांकडे जाते किंवा कुणाकडेच जात नाही.

यामागे साधे गणित आहे. एखाद्या ॲपचे देशभरात ४० लाख वापरकर्ते आहेत असे समजू. भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या घरात धरली तर साडेतीनशे माणसांमागे एक वापरकर्ता पडतो. कामगाराच्या फोनमध्ये ४०० नंबर असतील तर सरासरीने त्याच्या ओळखीचा जेमतेम एक जण त्या ॲपवर निघेल. प्रत्यक्षात सरासरी अशी सारखी वाटलेली नसते. वापरकर्ते झुबक्यांनी असतात. एका शिफ्टमधले पंधरा जण असतात आणि शेजारच्या कारखान्यातला एकही नसतो. म्हणून ‘हे ॲप चालते का?’ या प्रश्नाला दोन शेजारी अगदी उलट उत्तरे देतात आणि दोघेही खरे बोलत असतात.

टेलिफोनच्या काळातच हे लक्षात आले होते. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीचे अध्यक्ष थिओडोर व्हेल यांनी १९०८ च्या वार्षिक अहवालात असा मुद्दा मांडला की, दुसऱ्या टोकाला जोडणी नसलेला टेलिफोन काहीच कामाचा नाही. जोडण्या वाढतील तशी त्याची किंमत वाढते. दहा माणसे असतील तर त्यांच्यात ४५ जोड्या होतात, शंभर असतील तर ४,९५०. नवी कंपनी गुंतवणूकदारांना हाच आकडा मोठ्या अभिमानाने दाखवते. वापरणाऱ्याला मात्र त्या ४,९५० जोड्यांशी काही कर्तव्य नसते. त्याला वीस-पंचवीस माणसे हवी असतात आणि ती कोणती हे आधीच ठरलेले असते.

मग ती माणसे येतात कशी? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये याचे एक उत्तर दिले. त्यांचे उदाहरण दंगलीचे होते, पण ते ॲपलाही जसेच्या तसे लागू पडते. चिंचोळीतल्या एखाद्या कारखान्यात एका शिफ्टला शंभर कामगार आहेत असे समजा. पहिला कुणाचीही वाट न पाहता नवे ॲप घेतो. दुसऱ्याची अट अशी की आधी निदान एक जण तरी असावा. तिसऱ्याला दोघे हवेत, चौथ्याला तिघे, असे करत शंभराव्याला नव्याण्णव. पहिल्याने सुरुवात केली की दुसरा येतो, दोघे झाले म्हणून तिसरा येतो आणि हळूहळू सगळी शिफ्ट ॲपवर जाते. आता यात एकच बदल करा: दुसऱ्या कामगाराचीही अट एकाऐवजी दोघांची धरा. पहिला ॲप घेतो. दुसरा आणि तिसरा, ‘अजून एक येऊ दे’ म्हणून थांबतात. बाकीचे त्यांच्याकडे बघून थांबतात. पहिला महिनाभर एकटाच राहतो आणि शेवटी ॲप काढून टाकतो. दोन्ही वेळा ॲप तेच होते आणि नव्याण्णव माणसांचे स्वभावही तेच होते. फरक फक्त एका माणसाचा.

एखादे ॲप चालले नाही म्हणजे ते वाईट असले पाहिजे, हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो. पहिल्या माणसाचे कौतुक सगळे करतात, पण गाडी पुढे जाते ती दुसऱ्यामुळे. पहिला हौशी असतो, त्याला नवे काही आले की हात लावायचाच असतो. दुसरा हा पहिल्यावर विश्वास ठेवणारा, बाकीच्यांच्या जवळचा माणूस असतो. कारखान्यात तो मेन्टेनन्समधला जुना फिटर असू शकतो किंवा सगळ्यांच्या पगाराचा हिशेब समजावून सांगणारा टाइमकीपर.

जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या घराघरांत हा खेळ बघायला मिळाला. व्हॉट्सॲपने गोपनीयतेचे नवे धोरण जाहीर केले, ७ जानेवारीला इलॉन मस्क यांनी ‘सिग्नल वापरा’ अशा अर्थाचे दोनच शब्द लिहिले आणि सिग्नलकडे इतकी गर्दी झाली की १५ जानेवारीला त्याचे सर्व्हर बंद पडले. त्या दिवसांत ज्यांनी सिग्नल घेतले, त्यांच्या फोनवर सूचनांचा पाऊस पडला. फोनमधल्या यादीतला कुणी आला की ‘अमुक सिग्नलवर आले आहेत’ असा संदेश यायचा. आठ वर्षे न भेटलेला वर्गमित्र, जुना घरमालक, एकदाच रिक्षा ठरवली तो रिक्षावाला अशी माणसे त्या यादीत झळकत. आपल्या ओळखीचे कोण आहे, हे त्या माध्यमाने स्वतःहून सांगून टाकले. पुढे काय झाले तेही बोलके आहे. व्हॉट्सॲपने धोरणाची मुदत ८ फेब्रुवारीवरून १५ मेपर्यंत पुढे ढकलली आणि वातावरण निवळले. घरचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, कामाचा ग्रुप यांतला एकही जागचा हलला नव्हता. माणसे एकेकटी गेली होती आणि ग्रुप मागेच राहिले होते. बहुतेक लोक गाजावाजा न करता परत आले.

झोहो कंपनीच्या अरट्टाईचे असेच झाले. ते २०२१ च्या सुरुवातीला आले आणि चार-साडेचार वर्षे फारसे कुणाच्या कानावरही नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये स्वदेशीची हाक आणि मंत्र्यांची शिफारस यांच्या जोरावर ते एकदम वर आले. रोजची नोंदणी तीन दिवसांत ३,००० वरून ३,५०,००० वर गेल्याचे झोहोचे सहसंस्थापक श्रीधर वेंबू यांनी सांगितले होते. नोंदणी केलेल्याने पहिले काम कोणते केले असेल ते सांगायला नको: यादी उघडून ओळखीचे कोण आहे ते पाहिले.

ट्विटरसारख्या ‘कू’ या ॲपची कहाणी याहून बोधप्रद आहे. अप्रमेय राधाकृष्ण आणि मयंक बिदावतका यांनी मार्च २०२० मध्ये ते कन्नडपासून सुरू केले आणि पुढे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनावरून केंद्र सरकार आणि ट्विटर यांच्यात जुंपली, तेव्हा पीयूष गोयल यांच्यासारखे मंत्री कूवर गेले. सरकारी खातीही गेली. भरात असताना कूचे रोजचे वापरकर्ते २१ लाख आणि महिन्याचे सुमारे एक कोटी होते, असे संस्थापकांनी नंतर लिहिले. तरीही जुलै २०२४ मध्ये ते बंद झाले. मोठ्या कंपन्यांशी भागीदारीची बोलणी फिसकटली आणि खर्च परवडेना, ही संस्थापकांनी दिलेली कारणे आहेत. त्यात वापरणाऱ्याच्या बाजूने एक कारण जोडता येईल. कूवर मंत्री होते, क्रिकेटपटू होते, शेजारी नव्हता. मंत्र्यांचे म्हणणे तर टीव्हीवरही ऐकू येते.

सगळी माध्यमे ओळखीवर चालतात असे मात्र नाही. आयआयटी कानपूरच्या अंकुश सचदेवा, भानू प्रताप सिंग आणि फरीद अहसान या तिघांनी २०१५ मध्ये उभे केलेले शेअरचॅट सुरुवातीपासून अनोळखी लोकांसाठी होते. इंटरनेटवर लोक व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घ्या म्हणून आपले फोन नंबर उघडपणे टाकत आहेत, असे त्यांना दिसले होते. आपल्या भाषेतल्या अनोळखी माणसाशी जोडून घ्यायची भूक मोठी आहे, हे त्यांनी त्यातून ओळखले. शेअरचॅट उघडल्यावर आधी भाषा निवडायची असते. सोलापूरसारख्या शहरात या एका निवडीचा परिणाम वेगळाच होतो. इथे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरोघरी बोलल्या जातात; तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली समाजाच्या कित्येक पिढ्या इथे वाढल्या. शेजारशेजारच्या मशीनवर उभे असलेले दोन कामगार दोघेही शेअरचॅट बघत असतील, पण एकाने मराठी आणि दुसऱ्याने तेलुगू निवडली असेल, तर ते ॲपमध्ये एकमेकांना कधी दिसणारच नाहीत. प्रत्यक्षात मात्र दोघे एकाच टपरीवर मराठीत गप्पा मारतात.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला स्ट्राव्हा आहे. २००९ मध्ये सुरू झालेले हे धावणाऱ्यांचे आणि सायकलवाल्यांचे माध्यम. त्यात रस्त्याचा एखादा तुकडा ठरवून त्यावर कुणाला किती वेळ लागला याची क्रमवारी लागते. त्यामुळे इथे अनोळखी माणूसही पूर्ण अनोळखी राहत नाही, कारण तो त्याच चढावर दमलेला असतो. पण माणूस रोज कुठून निघतो आणि कुठे परततो, म्हणजे त्याचे घर, हेही त्या नकाशावर उमटते. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या जगभराच्या नकाशावरून परदेशांतले लष्करी तळ ओळखता येतात हे उघड झाले, तेव्हा याचे गांभीर्य लोकांना कळले. घराभोवतीचा भाग नकाशातून लपवण्याची सोय या ॲपमध्ये आहे. ती वापरायला हवी.

मराठीत या विषयाचा सर्वांत जुना आणि समृद्ध अनुभव संकेतस्थळांचा आहे. १६ सप्टेंबर १९९६ रोजी, गणेश चतुर्थीला, अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून मायबोली सुरू केली. २००४ मध्ये मनोगत आले, २००७ मध्ये मिसळपाव. या जगात माणसाला नाव नसते, आयडी असतो. लिहिणाऱ्याला आयडीनेच हाक मारतात, दुसऱ्या आयडीने गुपचूप लिहिणाऱ्याला ‘डू आयडी’ म्हणतात आणि नुसते वाचणारा ‘रोमात’ असतो. वर्षानुवर्षे एखाद्याची आमटीची कृती, राजकीय मते आणि आजारपण माहीत असते, पण तो दिसतो कसा हे माहीत नसते. मग कुणीतरी गटग ठरवते. गटग म्हणजे गेट-टुगेदर. मिसळपावकर त्याला कट्टा म्हणतात. मायबोलीचा पावसाळी वर्षाविहार, म्हणजे ववि, अनेक वर्षे होत आला आहे. तिथे लोक स्वतःची ओळख आयडी सांगून करून देतात आणि खरे नाव नंतर, विचारले तर, सांगतात.

गटगनंतर काय बदलते हे जाणकारांना चांगले ठाऊक असते. ज्याच्याबरोबर मिसळ खाल्ली त्याच्या लेखावर पूर्वीइतके तिखट लिहिता येत नाही. भांडणे कमी होतात, निदान वैयक्तिक तरी. त्याचबरोबर कंपूही तयार होतात. भेटलेल्यांचे एक आतले वर्तुळ बनते आणि न भेटलेल्याला आपण दारात उभे आहोत असे वाटू लागते. ‘कंपूबाजी’ हा आरोप मराठी संकेतस्थळांवर वारंवार होत आला तो याच कारणाने. ओळखीमुळे माध्यमात ऊब येते तशी मोकळीक कमीही होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

इंटरनेटच्याही आधी हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, ही वाट चोखाळली होती. परीक्षा देऊन परवाना मिळवलेल्या भारतीय हॅमला ‘व्हीयू’ने सुरू होणारे हाकचिन्ह मिळते आणि रेडिओवर तीच त्याची ओळख असते. प्रत्यक्ष भेटीला ही मंडळी ‘आयबॉल’ म्हणतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हॅमनी संदेश पोहोचवण्याचे काम केले. ओळखीचा आवाज ही किती भरवशाची गोष्ट असते, याचा तो दाखला होता.

आता उलट बाजू. छोट्या माध्यमावर जाणारी कित्येक माणसे ओळखीचे कुणी भेटू नये म्हणूनच जातात. कविता करणारा ऑपरेटर, नाव बदलून लिहिणारी शिक्षिका, नोकरी बदलण्याच्या विचारात असलेला केमिस्ट, घरच्यांना पटणार नाही असा धर्मविचार किंवा प्रेम असलेला तरुण यांना अनोळखी लोकांचीच सोबत हवी असते. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९५० च्या दशकात मांडले होते की, माणूस निरनिराळ्या प्रेक्षकांपुढे निरनिराळा वावरतो आणि त्यात ढोंग काही नसते. सुपरवायझरसमोरचा, आईसमोरचा आणि मित्रांसमोरचा असे तिन्ही अवतार खरेच असतात. समाजमाध्यमावर हे सगळे प्रेक्षक एकाच खोलीत येऊन बसतात. चिंचोळीसारख्या ठिकाणी ही खोली अधिकच लहान असते, कारण सुपरवायझर, आई आणि मित्र एकमेकांनाही ओळखतात. पुण्या-मुंबईत एका ओळखीच्याने आयडी ओळखला तर बातमी त्याच्यापाशी थांबू शकते. वसाहतीत ती दुसऱ्या शिफ्टला पोहोचते.

ओळख फुटते कशी, हेही समजून घ्यायला हवे. मुख्य वाट फोनमधल्या नंबरांची. नवे ॲप संपर्कयादी वाचायची परवानगी मागते, ती यादी आपल्या सर्व्हरकडे पाठवते आणि तिथल्या नोंदींशी जुळवते. जुळलेली नावे ‘तुमच्या ओळखीचे’ म्हणून दिसतात. यादीत जे ॲपवर नाहीत त्यांचे नंबरही या ओघात पाठवले जातात, आणि त्यांना कुणी विचारलेले नसते. काही कंपन्या नंबर सांकेतिक रूपात बदलून पाठवतात. पण भारतीय मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि ६ ते ९ यांपैकी एका आकड्याने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता चारशे कोटी. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो. संगणक त्या सगळ्या शक्यता एकेक करून तपासू शकतो. म्हणून नुसत्या सांकेतिक रूपावर विसंबणे बरोबर नाही. क्लबहाउस २०२०-२१ मध्ये केवळ निमंत्रणावर चालत असे, तेव्हा निमंत्रण पाठवायचे तर संपर्कयादी खुली करावी लागे. त्यावर बरीच टीका झाली. सिग्नलने फेब्रुवारी २०२४ मध्ये नंबर लपवून वापरकर्तानाव ठेवण्याची सोय दिली.

दुसरी वाट माणसांची आहे आणि तिला तांत्रिक उपाय नाही. एखाद्याचा आयडी कळलेला मित्र जेवणाच्या सुट्टीत सहज बोलून जातो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही, त्यामुळे अशा वेळी त्याचा उपयोग नाही. इथे रीतच कामी येते. जुन्या संकेतस्थळांवर ती रुळलेली आहे: गटगला कळलेले खरे नाव संकेतस्थळावर लिहायचे नाही, फोटो विचारल्याशिवाय टाकायचा नाही, आणि बाहेर भेटलेल्या माणसाला चारचौघांत आयडीने हाक मारायची नाही. नव्या ॲपवाल्यांनी ही रीत अजून उचललेली नाही. ती उचलायला हवी.

ज्याला आपला छोट्या माध्यमावरचा वावर ओळखीच्यांपासून वेगळा ठेवायचा आहे, त्याने नोंदणी करतानाच संपर्कयादीची परवानगी नाकारावी. बहुतेक ॲप त्याशिवायही चालतात. नंबराऐवजी ईमेलने नोंदणीची सोय असेल तर ती घ्यावी आणि ‘नंबरावरून मला शोधता यावे’ ही सेटिंग बंद करावी. परवानगी आधीच दिली असेल तर ती फोनच्या सेटिंगमधून काढता येते, पण तेवढ्याने सर्व्हरवर गेलेली यादी पुसली जात नाही. ती पुसण्याचा पर्याय ॲपच्या आत वेगळा शोधावा लागतो.